उभ्या गाडीचा तास

अण्णांच्या कपाटातून निघालेल्या वस्तूंमध्ये खिशात मावेल एवढी एक डायरी होती. शिवण उसवलेली, कडा मऊ पडलेल्या, आणि प्रत्येक पानावर पट्टीने आखलेले तीन रकाने: गाडीचा नंबर, सुटल्याची वेळ, उशिराचं कारण. अण्णा वाहतूक नियंत्रक होते. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी बसस्थानकाच्या एका खिडकीत बसून गाड्या सोडल्या. कारणाचा रकाना कचेरीच्या रजिस्टरमध्येही असायचा, पण तिथे एकच शब्द लिहायची रीत होती, ‘रहदारी’. खरी कारणं या डायरीत होती. ‘सुटे पैसे.’ ‘चौकात दोन सिग्नल गेले.’ ‘थांब्यावर मोटार उभी.’ ‘आधीची फेरी उशिरा, चालकाला विश्रांती नाही.’ आणि मधूनमधून, पाच-सहा पानांआड, नुसतं एक अक्षर: ‘मी’.

त्या ‘मी’चा उलगडा मला बरेच दिवस झाला नाही. बाकीची कारणं मात्र ओळखीची होती, कारण ती मी लहानपणापासून त्यांच्या शेजारच्या सीटवरून पाहत आले होते. बस चौकात अडकली की बाकीचे प्रवासी खिडकीबाहेर बघायचे, अण्णा मनगटाकडे. “गाडी उभी आहे, तास उभा नाही,” असं म्हणायचे. मला वाटायचं, हा त्यांचा उतावळेपणा. तो चोख हिशेब होता हे कळायला मला स्वतःला रोज बसने कामावर जावं लागलं, आणि मग कुतूहलाने सार्वजनिक वाहतुकीबद्दल मिळेल ते वाचावं लागलं.

हिशेब असा. बस चालवायला पैसे लागतात म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर डिझेलचा पंप येतो. पण डिझेल आणि टायर किलोमीटरवर झिजतात, बाकी बहुतेक खर्च तासावर चालतो. चालकाचा पगार तासाचा. वाहकाचा तासाचा. गाडीवरचं कर्ज, विमा, आगाराची जागा, देखरेख करणारी माणसं, हे सगळं गाडी धावो न धावो, घड्याळाबरोबर चढत जातं. जगातल्या बहुतेक बससेवांच्या ताळेबंदात सगळ्यात मोठा आकडा माणसांच्या वेतनाचा असतो. म्हणजे बससेवा विकते किलोमीटर, पण विकत घेते तास. एका तासात किती किलोमीटर पडतात यावर तिचं जगणं-मरणं ठरतं.

कागदावर मांडून बघितलं की हे फार स्पष्ट दिसतं. समजा एका मार्गावर जाऊन-येऊन, दोन्ही टोकांची विश्रांती धरून, ८० मिनिटं लागतात. दर १० मिनिटांनी गाडी द्यायची तर ८ गाड्या हव्यात. याच फेरीतली १० मिनिटं वाचली तर तीच सेवा ७ गाड्यांत होते. एक गाडी आणि तिच्या दोन्ही पाळ्यांची माणसं दुसऱ्या मार्गासाठी मोकळी होतात. किंवा आठवी गाडी तशीच ठेवली तर प्रवाशाला पावणेनऊ मिनिटांनी बस मिळते, तासांच्या खर्चात रुपयाचीही भर न घालता. मला या उदाहरणात सगळ्यात महत्त्वाचं हे वाटतं की वाचलेली मिनिटं दोघांचीही आहेत. प्रवासी लवकर पोचतो आणि सेवेचा खर्च उतरतो. बचत आणि सोय एकमेकांच्या विरुद्ध टोकांना बसलेली असतात असं आपण धरून चालतो, आणि प्रत्येक तोट्याच्या बातमीनंतर फेऱ्या कापल्या जातात. पण इथे दोन्ही एकाच बाकावर बसलेली आहेत.

उलट्या दिशेनेही हेच गणित चालतं, आणि ते फार मुकाट्याने चालतं. रस्त्यावरची गर्दी दरवर्षी मिनिट-दोन मिनिटांनी वाढते. ८० ची फेरी ९० ची होते. आता तीच १० मिनिटांची सेवा द्यायला नववी गाडी लागते. प्रवाशाला काडीचाही फायदा नाही, खर्च मात्र आठवा हिस्सा वाढला. नववी गाडी नसेल तर दोन बसमधलं अंतर वाढतं, काही प्रवासी कंटाळून स्वतःचं वाहन घेतात, ते वाहन त्याच रस्त्यावर येतं आणि बस आणखी हळू होते. हर्बर्ट मोहरिंग या अर्थशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये या चक्राची दुसरी, आशेची बाजू मांडली होती. प्रवासी वाढले की फेऱ्या वाढवता येतात, फेऱ्या वाढल्या की आधीच्या प्रत्येक प्रवाशाचं थांबणं कमी होतं, म्हणजे नवा प्रवासी जुन्यालाही काहीतरी देऊन जातो. दुकानात गिऱ्हाईक वाढलं तर रांग वाढते. बसमध्ये प्रवासी वाढले तर, नीट चालवली तर, रांग आखूड होते. असे धंदे जगात थोडे आहेत.

मग ही मिनिटं जातात कुठे? अण्णांची डायरी हाती आल्यावर मी काही आठवडे माझ्याच रोजच्या बसमध्ये घड्याळ लावून बसले. चाकं फिरत होती तेवढा वेळ एकीकडे, चाकं थांबली होती तो दुसरीकडे. दुसरा रकाना इतक्या भराभर वाढत गेला की आधी मला माझ्याच मोजण्याची शंका आली. आणि त्या थांबण्यात ‘रहदारी’ म्हणता येईल असा वेळ अर्धाही नव्हता. एका दारातून चढणारी-उतरणारी माणसं, तिकीट, सुटे पैसे, हाकेच्या अंतरावर पुन्हा थांबा, आणि थांबा चौकाच्या अलीकडे असल्यामुळे प्रवासी घेता घेता निघून गेलेला हिरवा दिवा.

यातल्या कशालाही पूल बांधावा लागत नाही. ब्राझीलमधल्या कुरितिबा शहराने १९७४ मध्ये बससाठी वेगळा रस्ता राखला तो महापौर झाइमे लेर्नर यांच्या काळात, आणि १९९१ मध्ये तिथे काचेच्या नळीसारखे थांबे आले. प्रवासी आधीच पैसे देऊन आत उभा असतो, थांब्याचा ओटा बसच्या आतल्या जमिनीएवढा उंच असतो, बस आली की सगळी दारं उघडतात. पाळण्यातलं मूल घेऊन आलेली आई आणि चाकाच्या खुर्चीवरचा माणूस, दोघंही इतरांइतक्याच वेळात आत येतात. सॅन फ्रान्सिस्कोने १ जुलै २०१२ पासून सगळ्या मार्गांवर सगळ्या दारांनी चढायची मुभा दिली. लोक फुकट जातील अशी भीती होती. नंतरच्या पाहणीत फुकट्यांचं प्रमाण वाढलं नाही, थोडं उतरलंच, आणि थांब्यावरचा वेळ चांगलाच घटला. लंडनने ६ जुलै २०१४ पासून बसमध्ये रोख पैसे घेणं बंद केलं, तोवर रोख देणारे शंभरात एखादाच उरला होता. मला त्यातली एक बारीक तजवीज आवडते. कार्डातली शिल्लक संपली तरी एक प्रवास करू द्यायचा, वजावट नंतर. रात्री उशिरा कुणाला रस्त्यावर सोडून द्यायचं नाही, हे नियम करणाऱ्याच्या लक्षात राहिलं होतं. रोख बंद करू पाहणाऱ्या प्रत्येकाने हे आधी पाहावं, कारण ज्याच्याकडे कार्ड नाही त्याच्याकडे बहुधा दुसरं वाहनही नसतं.

थांबे कमी करण्याबद्दल मी इतक्या ठामपणे बोलू शकत नाही. दोन थांब्यांमधलं अंतर थोडं वाढवलं की बस झपझप जाते हे खरं. पण ज्याला ते वाढलेलं अंतर चालायचं आहे तो सत्तरीचा असू शकतो, गुडघे धरून चालणारा असू शकतो. इस्पितळासमोरचा थांबा गणितात बसला नाही तरी राहिला पाहिजे असं माझं मत आहे. बाकी ठिकाणी मात्र, विशेषतः एकाच सरळ रस्त्यावर दोन थांबे एकमेकांना दिसत असतील तिथे, एक काढून उरलेल्यावर छप्पर, दिवा आणि बसायला बाक द्यावा. आणि थांबा चौकाच्या पलीकडे न्यावा. बसने आधी हिरव्यात चौक ओलांडावा, मग निवांत प्रवासी घ्यावेत. एक खांब उपटून पन्नास पावलं पुढे रोवण्याचा खर्च तो किती!

खरी अडचण पैशाची नसते, खांब कुणाचा याची असते. सिग्नल एका खात्याकडे, रस्ता दुसऱ्याकडे, थांब्यावर लावलेली मोटार उचलायचा अधिकार तिसऱ्याकडे. वाया गेलेल्या मिनिटाचं बिल मात्र फक्त बससेवेला येतं. ज्यांच्या हातात ते मिनिट आहे त्यांच्या वहीत त्याचा खर्च कधी पडतच नाही, म्हणून तो कुणाला टोचत नाही. स्वित्झर्लंडमधल्या झुरिकची गोष्ट मला यासाठी मोलाची वाटते. तिथल्या मतदारांनी १९७३ मध्ये भुयारी रेल्वेची योजना नाकारली, आणि १९७७ मध्ये २० कोटी फ्रँक वेगळ्याच कामासाठी मंजूर केले: आहेत त्याच ट्राम आणि बस रस्त्यात अडणार नाहीत अशी व्यवस्था करायची. रस्त्यात जागोजागी संवेदक बसले, ट्राम जवळ येताना सिग्नलला कळू लागलं, तिच्यासाठी दिवा हिरवा होऊ लागला. शहराने उभ्या गाडीचा तास सगळ्या शहराच्या खात्यात मांडला, एवढंच म्हणता येईल. तिथला मोठा पगारदारही ट्रामने जातो याचं कारण त्या निर्णयात आहे.

बचतीच्या नावाखाली जी गोष्ट सगळ्यात आधी पुढे ढकलली जाते ती देखभाल. यंदा ब्रेक बदलले नाहीत तर यंदाच्या ताळेबंदात बचत दिसते. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेने १९७० च्या दशकात हे केलं, शहराच्या तिजोरीत खडखडाट होता म्हणून. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथला एक डबा सरासरी सुमारे ७,००० मैल धावला की बिघडत होता. पुढे डबे बिघडण्याची वाट न बघता ठरावीक काळाने तपासायचे, भाग निकामी होण्याआधीच बदलायचे असं सुरू झालं, भांडवल ओतलं गेलं, आणि हे अंतर वाढत वाढत एक लाख मैलांच्या पलीकडे गेलं. भर रस्त्यात बंद पडलेली बस फक्त दुरुस्तीचा खर्च आणत नाही. तिची फेरी जाते, तिच्यातले प्रवासी रस्त्यावर येतात, मागच्या गाडीत दुप्पट गर्दी होते, ओढून न्यायला दुसरी गाडी लागते, आणि आगारात अशा प्रसंगासाठी चार जादा गाड्या ठेवाव्या लागतात, ज्यांनाही कर्ज आणि विमा आहेच. टायरमधली हवा, उभ्या गाडीचं इंजिन बंद ठेवणं, आगार ते पहिला थांबा ही रिकामी धाव कमी करणं, या गोष्टी सगळ्यांना ठाऊक आहेत. रोज कराव्या लागतात एवढंच.

चालकाच्या विश्रांतीवर मात्र मला थोडं थांबायचं आहे. फेरीच्या टोकाला ठेवलेली ती सात-आठ मिनिटं कागदावर आयती बचत दिसतात. ८० च्या फेरीतून ती काढली की झाली ७२ ची. अण्णांच्या डायरीत ज्या दिवशी ‘विश्रांती नाही’ असं एका गाडीपुढे लिहिलंय, त्या दिवशी पुढच्या प्रत्येक फेरीला तीच गाडी आणखी उशिरा आहे. पहिल्या फेरीला चार मिनिटं, दुसरीला नऊ, तिसरीला चौदा. टोकाची विश्रांती हा उशीर पिऊन टाकणारा टीपकागद आहे. तो काढला की सकाळचा डाग संध्याकाळपर्यंत पसरतो. आणि त्या गाडीत बसलेल्या माणसाचं काय होतं? ज्याला स्वच्छतागृहात जायला वेळ मिळत नाही तो दिवसभर पाणी कमी पितो, पाठ धरून बसतो, आजारी रजा घेतो, एक दिवस नोकरी सोडतो. मग नवा माणूस शोधा, शिकवा, त्याच्या पहिल्या वर्षातल्या ठोकरी सोसा. वेळापत्रक आखणाऱ्याने वर्षातून एक आठवडा चालकाच्या मागच्या सीटवर बसून काढावा. कुठला सिग्नल कधी दगा देतो हे चालकाला संगणकाआधी माहीत असतं, पण त्याला विचारायचा रकाना कुठल्याच फॉर्मवर नसतो.

मार्गांची आखणी हा असाच, पैसे न घालता सेवा सुधारण्याचा मोठा उपाय. वर्षानुवर्षं कुणाकुणाच्या मागणीने वळसे घेत गेलेले मार्ग, एकाच रस्त्यावर पाच नंबरांच्या पाच विरळ बस. अमेरिकेतल्या ह्यूस्टनने १६ ऑगस्ट २०१५ रोजी एका रात्रीत आपलं जवळपास सगळं बसजाळं बदललं, साधारण तेवढ्याच चालवण्याच्या खर्चात. वळसे काढले, सरळ मार्ग एकमेकांना छेदतील असे आखले, आणि मोठ्या रस्त्यांवर शनिवार-रविवारीही दर पंधरा मिनिटांनी बस दिली. दुकानांत, इस्पितळांत काम करणाऱ्यांना रविवार नसतो, हे त्या आखणीत धरलेलं होतं. पण एका रात्रीत बदलण्याची दुसरी गोष्टही सांगायला हवी. चिलीची राजधानी सांतियागो इथे १० फेब्रुवारी २००७ रोजी नवी व्यवस्था सुरू झाली तेव्हा बस अपुऱ्या होत्या, बससाठीचे रस्ते तयार नव्हते, भुयारी रेल्वेत लोक चेंगरले, आणि राष्ट्राध्यक्ष मिशेल बाशेलेत यांना जनतेची माफी मागावी लागली. नकाशा कितीही सुबक असला तरी पहिल्या सकाळी थांब्यावर उभ्या माणसाला गाडी दिसली पाहिजे.

वेग म्हणजे सगळं नव्हे, हे मला स्वित्झर्लंडच्या रेल्वेने शिकवलं. १९८२ मध्ये त्यांनी देशभर ठरावीक ठेक्याचं वेळापत्रक आणलं, दर तासाला त्याच मिनिटाला गाडी. १९८७ च्या सार्वमतात लोकांनी पुढची मोठी योजना मान्य केली आणि तिचा पहिला टप्पा डिसेंबर २००४ मध्ये पूर्ण झाला. तिचं तत्त्व होतं, शक्य तितकं वेगाने नव्हे, लागेल तितकंच वेगाने. मोठ्या स्थानकांमधला प्रवास तासाच्या थोडा आत बसवायचा, म्हणजे सगळीकडच्या गाड्या तासाच्या ठोक्याला स्थानकात एकत्र येतात, लोक पलीकडच्या फलाटावर जातात, आणि सगळ्या गाड्या पुन्हा सुटतात. आधी वेळापत्रक ठरलं, मग त्याला लागेल तेवढाच नवा रूळ टाकला. आपण बहुधा आधी रूळ टाकतो आणि मग वेळापत्रक त्यावर कसं बसेल ते बघतो. थांबणं वाईट नाही, थांबण्याला कारण हवं, हे त्यातून कळलं. आणि इथेच मला अण्णांच्या ‘मी’चा धागा सापडला.

दहा मिनिटांनी येणारी बस वीस मिनिटं येत नाही आणि मग दोन एकदम येतात, हा अनुभव न घेतलेला प्रवासी नसेल. यात कुणाचा कामचुकारपणा असावा असं वाटतं. नसतो. नेवेल आणि पॉट्स या दोन संशोधकांनी १९६४ मध्ये याचं गणित मांडलं. एखादी बस थोडी मागे पडली की तिच्या पुढच्या थांब्यावर जास्त माणसं जमतात, ती चढेपर्यंत ती आणखी मागे पडते. मागच्या बसला मात्र थांबे रिकामे मिळतात, ती पुढे सरकत येते आणि शेवटी तिला चिकटते. मोकळं सोडलं तर बस अशाच जुळणार. प्रवाशाचं नुकसान किती? दर १० मिनिटांनी नेमाने बस येत असेल तर सरासरी ५ मिनिटं थांबावं लागतं. तेवढ्याच बस आलटून पालटून २ आणि १८ मिनिटांच्या अंतराने आल्या तर सरासरी ८.२ मिनिटं, कारण बहुतेक माणसं त्या लांब फटीतच थांब्यावर येतात. गाड्या तेवढ्याच, डिझेल तेवढंच, चालक तेवढेच, आणि सेवा दीडपटीहून वाईट.

काही ठिकाणी तर ही शर्यत पगारातच लिहिलेली असते. कोलंबियाची राजधानी बोगोता इथे पूर्वी बसवाल्यांची कमाई प्रवाशांच्या संख्येवर होती, म्हणून ते एकमेकांच्या पुढे पळत, मध्येच थांबत, आणि लोक त्याला दमडीची लढाई म्हणत. डिसेंबर २००० मध्ये महापौर एनरिके पेन्यालोसा यांच्या काळात नवी सेवा सुरू झाली तेव्हा कंपन्यांना पैसे धावलेल्या किलोमीटरवर मिळू लागले, आणि प्रवासी पळवण्याचं कारणच उरलं नाही. लंडनमध्ये दाट सेवेच्या मार्गांवर कंत्राटदाराचं मोजमाप वेळापत्रकावरून होत नाही, प्रवाशाला ठरल्यापेक्षा किती जास्त थांबावं लागलं यावरून होतं. दर सहा मिनिटांनी बस असेल तर ती ९ वाजून ४ मिनिटांची आहे की ९ वाजून १० मिनिटांची, हे कुणाला हवंय? मधलं अंतर सारखं हवं.

अण्णांनी हे गणित वाचलेलं नव्हतं. त्यांच्या खिडकीतून ते दिसत होतं. एखादी गाडी पाच मिनिटं उशिरा सुटली की तिच्या मागची, अगदी वेळेवर सुटायला तयार असलेली गाडी ते हाताने थांबवून धरायचे. दोन मिनिटं, कधी तीन. आत बसलेले प्रवासी चिडायचे, चालक हॉर्न वाजवायचा, आणि रजिस्टरमध्ये एक वेळेवरची गाडी उशिराची होऊन बसायची. रजिस्टरमध्ये ‘रहदारी’ लिहिणं सोपं होतं. डायरीत त्यांनी ‘मी’ लिहिलं. मी ती पानं पुन्हा काढून पाहिली. प्रत्येक ‘मी’च्या वरच्या ओळीत एक उशिरा सुटलेली गाडी आहे, आणि खालच्या ओळीत एक वेळेवरची.

डायरीच्या शेवटच्या पानात चार घड्या केलेला एक कागद आहे. वेळेवरची गाडी विनाकारण रोखून सेवेस विलंब केल्याबद्दल दोन दिवसांत खुलासा सादर करावा, असा मेमो. पाठीमागे पेन्सिलने त्यांच्या खुलाशाचा कच्चा मसुदा आहे. दोनदा सुरुवात करून खोडलंय, तिसऱ्यांदा पूर्ण लिहिलंय: ‘पुढची नुकतीच गेली होती. त्यानंतरची यायला वेळ होता. मधल्या वेळात थांब्यावर जे येणार होते, त्यांच्यासाठी धरली.’